बैलांना विचारायचं राहिलं

भाऊजी गेल्याचं नंदानं फोनवर सांगितलं तेव्हा मी पापड वाळत घालत होते. हातातला पापड तसाच धरून ठेवला आणि तिला विचारलं, कुठे, कसे. घरीच, म्हणाली. सकाळी अंघोळ झाली, पेपर उघडला आणि चष्मा डोळ्यांवर असतानाच मान कलली. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या जाण्यायेण्याचीच काळजी केली, त्यानं स्वतः जाताना मात्र कुणाला जागेवरून हलू दिलं नाही... आता दीड महिना होत आला. नंदा माझी भाची, म्हणजे भाऊजींची थोरली मुलगी. तिचा आग्रह, की मावशी, तू लिही, आईखेरीज तेव्हा घरात तूच होतीस. तर लिहिते. पण ते किती सज्जन होते, मनमिळाऊ होते वगैरे माझ्याकडून होणार नाही. ते चांगलेच हट्टी होते. मला लिहायचंय ते पन्नास-साठच्या दरम्यानच्या त्या दोन-तीन वर्षांबद्दल, जेव्हा आमच्या अकोल्याच्या स्वयंपाकघरात टपालानं युरोप येत असे.

भाऊजी, म्हणजे गोविंदराव, मूळचे परतवाड्याचे. अकोल्याला नगरपालिकेत ओव्हरसिअर होते. गटारं, खडी, रस्त्याचे खड्डे हे त्यांचं राज्य. माझ्या थोरल्या बहिणीशी, ताईशी, त्यांचं लग्न झालं तेव्हा आमचे वडील नाराजच होते. वडील अमरावतीला वकिली करत. जावई निदान कोर्टात तरी उभा राहणारा हवा होता, हा रस्त्यात उभा राहतो, असं ते चारचौघांत म्हणत. मला अकोल्यात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली आणि मी ताईकडेच राहायला आले. मेहुणी म्हणून भाऊजींची टर उडवायचा हक्क मला होता, तो मी पुरेपूर बजावला. त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

या सगळ्याची सुरुवात नंदापासून झाली. ऐन कापसाच्या हंगामात ताईचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या तसा टांगा बोलावला. दवाखाना काही लांब नव्हता, पण त्याच्या अरुंद रस्त्यावर शिरलो आणि अडकलो. पुढे कापसानं लादलेल्या बंड्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलगाड्या, मागे बंड्या, समोरून बाजारात माल टाकून परत निघालेल्या रिकाम्या बंड्या. कुणाला पुढे जाता येईना, कुणाला मागे. भाऊजी टांग्यातून उतरून एकेका गाडीवानाच्या हातापाया पडत होते. शेवटी एका बंडीतल्या म्हाताऱ्या बाईनं लुगडं आडवं धरायला लावलं आणि नंदा त्या टांग्यातच जन्मली. मायलेकी सुखरूप राहिल्या, हे नशीब. आम्ही पुढे नंदाला टांगेवाली म्हणून चिडवायचो. भाऊजी त्या थट्टेत कधीच सामील झाले नाहीत. तो रस्ता मोकळा करायचा, हे त्यांनी त्याच दिवशी मनाशी घेतलं असणार.

पुढे एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांना जाहिरात दिसली. लंडनची एक संस्था युरोपातल्या शहरांची वाहतूक कशी आखतात, हे घरबसल्या टपालानं शिकवणार होती. नोकरी सांभाळून धडे वाचायचे, उत्तरं लिहून पाठवायची. वडिलांनी अमरावतीहून कळवलं, की टपालानं कुणी इंजिनिअर झाल्याचं ऐकिवात नाही. भाऊजींनी नाव घातलंच. धडे बोटीनं येत. पाकीट आलं, की ते ऑफिसातून सायकल दामटत घरी पोचत, आणि ताई चुलीसमोर भाकरी थापत असतानाच आमचं वाचन सुरू होई. इंग्रजी अडलं की मी, आकृती अडली की ते. कोपनहेगनमध्ये सायकलींना वेगळा रस्ता. रॉटरडॅम बॉम्बनं भुईसपाट झालं, तर त्यांनी नव्यानं बांधताना बाजारात गाड्यांना मज्जावच करून टाकला! मी वर्गात नकाशावर बोट ठेवून ही नावं कैकदा घोकून घेतली होती, पण तिथले लोक भाजी आणायला कसे जातात, हे मला भाऊजींच्या धड्यांनी सांगितलं. माझा शाळेचा नकाशासंग्रह कायम त्यांच्याकडेच पडलेला असे. एकदा चौकातला गोल समजेना, तेव्हा त्यांनी ओसरीवर रांगोळीनं मोठा गोल काढला आणि ताई, मी आणि दुडदुडणारी नंदा, अशा तिघींना त्याभोवती डावीकडून फिरायला लावलं. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत होत्या, की आज कुठलं व्रत आहे. ताईनं सांगितलं, लंडनचं.

शेवटच्या धड्यातलं काम मोठं होतं. आपल्या गावातला एक अडलेला रस्ता घ्यायचा, त्याची पाहणी करायची, योजना आखायची, ती प्रत्यक्ष करून बघायची आणि काय झालं ते लिहून पाठवायचं. त्यावर पास-नापास ठरणार होतं. भाऊजींना रस्ता शोधावा लागलाच नाही. तेल्हाऱ्याकडून रात्रभर चालत आलेल्या बंड्या पहाटे एका चौकात पोचत. तिथून बाजाराला दोन वाटा होत्या. उजवीकडची रुंद आणि रिकामी, डावीकडची अरुंद. दवाखाना होता तो डावीकडच्या अरुंद वाटेवर, आणि सगळ्या बंड्या झाडून तिथेच घुसत. परतणाऱ्याही तिथूनच येत. आम्ही रोज सकाळी चौकात मोजणीला बसू लागलो. बंडीला चिंचोका, सायकलीला ज्वारीचा दाणा, असे दोन डब्यांत टाकत जायचं. भाऊजी पुढे बाजारात जाऊन प्रत्येक गाडीवानाला धड्यातले दोन प्रश्न विचारत, कुठून आले, कुठे चालले. योजना सरळ होती. भरलेल्या बंड्या उजवीकडून जातील, रिकाम्या डावीकडून येतील, म्हणजे दवाखान्याच्या वाटेवर एकाच दिशेनं तुरळक गाड्या. नगरपालिकेनं कुरकुरत एका बाजारच्या दिवसाची परवानगी दिली. जमलं तर हंगामभर ठेवू, नाही तर पुन्हा नाव काढायचं नाही, असं अध्यक्षांनी बजावलं. आणि ताईला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. हंगाम संपायच्या आतच तिची तारीख येत होती. त्यामुळे पास-नापासचं आम्हाला फारसं काही वाटत नव्हतं. तिचा टांगा दवाखान्यात पोचतो की नाही, एवढंच घरात सगळ्यांच्या मनात होतं.

त्या दिवशी चौकात बाण काढलेल्या पाट्या लागल्या, शिट्टी घेऊन पोलीस उभे राहिले. भाऊजींनी लग्नातला कोट घातला होता. पहिली बंडी आली आणि पाटीला वळसा घालून सरळ डावीकडे गेली. दुसरी गेली, तिसरी गेली. पोलिसांनी शिट्ट्या फुंकल्या, जुवाला हात घातले, तरी बैल हटेनात. तिकडून हुकमाप्रमाणे रिकाम्या बंड्या डावीकडून सुटलेल्याच होत्या. त्या ह्यांच्या समोर आल्या आणि त्या अरुंद वाटेत असा काही घोळ झाला, की तशी कोंडी अकोल्यानं आजवर पाहिली नसेल. एका गाडीवानाला पोलिसानं काठीनं उठवलं, तर तो कापसावर उठून बसत म्हणाला, "मले काहून कोचकून राहिले? मी हाकून राहिलो काय? त्याहिले सांगा." आणि त्यानं बैलांकडे बोट दाखवलं. लोक हसले. पोलिसांनाही हसू आवरलं नाही. दुपारपर्यंत गावभर झालं, की लंडनच्या शहाण्यानं दवाखाना बंद पाडला. भाऊजी घरी आले, कोट खुंटीला लावला आणि जेवले नाहीत. मला त्या दिवशी त्यांची टर उडवायला जमलं नाही, उलट फार भडभडून आलं.

चार दिवस गेले. मग एका संध्याकाळी, कामाला जातो म्हणून निघाले ते तेल्हाऱ्याच्या रस्त्याला लागले आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बंडीत बसून परत निघाले. गाडीवान नेमका कुठे चुकतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. पहाटे मी दूध तापवत होते, तर हे अंगाला कापूस लागलेले, केस विस्कटलेले, दारात उभे. चेहरा मात्र असा फुललेला, की मला वाटलं लॉटरीच लागली. बंडीतल्या उबेत गाडीवान झोपला, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला बसलेले आमचे भाऊजीही झोपले. जाग आली ती बंडी थांबली तेव्हा. डोळे उघडून बघतात तो डावीकडच्या वाटेवरचा जुना हौद, आणि दोन्ही बैल माना खाली घालून पाणी पिताहेत. रात्रभर चाललेली तहानलेली जनावरं चौकात आली, की आपसूक पाण्याकडे वळत होती, वर्षानुवर्षं. वर बसलेला माणूस झोपलेला असे.

"आपण चुकीच्या माणसाले विचारलं वं माणिक," ते मला म्हणाले. "गाडीवाला कुठं चालवते गाडी? कुठं चालले म्हणून बैलाले विचाराले पायजे होतं."

मी आणि ताई इतक्या हसलो, की दूध उतू गेलं. पण हसता हसता ताईचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. भाऊजी तस्से आंघोळ न करता अध्यक्षांच्या घरी गेले. म्हणाले, पाट्या नकोत, पोलीस नकोत, मला एक पाण्याचा टँकर द्या आणि जुना हौद एक दिवस कोरडा ठेवू द्या. अध्यक्षांना बहुधा त्यांच्या डोक्यावरच्या कापसाची दया आली असावी, त्यांनी हो म्हटलं. मग आमची धांदल उडाली. अर्धी कापलेली लोखंडी पिंपं गोळा केली, उजवीकडच्या रुंद वाटेवर चौकातून दिसतील अशी मांडली, भरली. सवय मोडायला नुसतं पाणी पुरायचं नाही, असं ताईचं म्हणणं पडलं, म्हणून तिनं सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून टोपलीभर दिली, ती पिंपांपाशी ठेवली. पहाटे मी भाऊजींच्या शेजारी उभी होते. पहिली बंडी आली, वर गाडीवान घोरत होता. बैल चौकात आले आणि सवयीनं डावीकडे वळू लागले... भाऊजींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी पिचली. मग डावीकडच्या बैलानं मान वर केली, नाक फेंदारलं, आणि ती अख्खी जोडी संथपणे उजवीकडे वळली. मागची बंडी तिच्यामागे आणि तिच्यामागे सगळी रांग. कुणी शिट्टी वाजवली नाही, कुणाला उठवलं नाही. मी शाळेतली बाई आहे हे विसरून चौकात टाळ्या पिटल्या.

नगरपालिकेनं पुढे उजवीकडे पक्का हौद बांधला. हंगाम सरत आला तेव्हा ताईचा टांगा त्याच अरुंद वाटेनं निघाला, आणि वाटेत घोडा एकदाही थांबला नाही. भाऊजी सायकलवर पुढे होते, वळून वळून बघत होते आणि रडत होते. आम्ही इतक्या लवकर पोचलो, की डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, अजून पुष्कळ वेळ आहे, घरी जाऊन या. भाऊजींनी साफ नकार दिला. धाकटा श्रीकांत दुसऱ्या दिवशी जन्मला, पलंगावर.

लंडनच्या मास्तरांचं उत्तर बोटीनं सावकाश आलं. पास केलं होतं, तेही वरच्या श्रेणीत. खाली दोन ओळी लिहिल्या होत्या, की हा प्रश्न आम्ही आमच्या घोड्यांना विचारायला हवा होता, आता फार उशीर झाला. आणि ढेप म्हणजे काय, ते कृपया कळवावं. शब्दांत कसं कळवणार म्हणून भाऊजींनी चांगला अर्ध्या शेराचा तुकडा कापडात शिवून पार्सलानं पाठवून दिला. उत्तर आलं, की पार्सल मिळालं, आणि आमच्या इमारतीत सर्व मजल्यांवर ते मिळाल्याचं कळलं. वडिलांनी हा किस्सा अमरावतीच्या कोर्टात, वकिलांच्या बार रूममध्ये इतक्यांदा सांगितला, की पुढे पुढे ते लंडनला स्वतः जाऊन आल्यासारखे सांगू लागले. जावई रस्त्यात उभा राहतो, हे वाक्य ते अजूनही म्हणत, पण आता छाती काढून.

युरोप भाऊजींनी कधी पाहिला नाही. जायची संधी मिळाली असती तरी ते बंडीतच झोपी गेले असते, असं मी म्हणायची. पुढे नोकरीत चढले, निवृत्त झाले, रस्त्यावरचे बैल गेले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो दूधवाला असो की नातसून, पाणी द्यायच्या आधी ते विचारत, कोणत्या रस्त्यानं आले, कुठे अडकले काय. आणि अडकले असं कुणी म्हटलं, की कागद घेऊन बसत. ताई वैतागायची, माणसाला टेकू तरी द्या म्हणायची.

प्रवास झेपत नाही म्हणून राहिलं होतं, ते परवा मी पहिल्यांदाच त्यांच्याशिवायच्या त्या घरात गेले. समोरच्या खोलीत ताई भिंतीला टेकून बसली होती, भेटायला येणारे अजून येत होते. काय बोलावं हे कुणालाच सुचत नसतं अशा वेळी. पण मी बघत होते, जो येई तो चपला काढता काढता खाली मान घालून सांगे, पुलावरून आलो, फाटक बंद होतं... स्टँडवरून आलो, रस्ता मोकळा होता... ताई ऐकून घेई, मान हलवी, आणि मगच तो बसे. माझी पाळी आली. किती काय काय ठरवून आले होते. तिच्यापाशी बसले, हात हातात घेतला, आणि माझ्या तोंडून निघालं, "ताई, दवाखान्याच्या रस्त्यानं आले."

"कुठं अडकली काय?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो.