पासपोर्ट देवीच्या ओटीत, आणि परदेशी पाहुण्यांसाठी इतर उपयुक्त माहिती

दोन दिवस फुकट राहायला मिळणार होतं, म्हणून मी निघालो. कराडच्या माझ्या मित्राची शुभांगीमावशी वेळणेश्वरच्या अलीकडे एका वाडीत राहते आणि घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. तिच्याकडे पहिल्यांदाच परदेशी पाहुणी येणार होती. त्यासाठी मावशीला खोलीच्या भिंतीवर लावायला एक कागद हवा होता: भारत देशाविषयी आवश्यक माहिती, इंग्रजीतून. मित्राने माझं नाव सुचवलं, कारण मी ब्लॉग लिहितो. बारावीला माझं इंग्रजी दोनदा राहिलंय हे त्याने मावशीला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.

रस्त्याचं आधी सांगतो, मग विसरतो. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. घाटात वळणं भरपूर आणि माकडं त्याहून जास्त, तेव्हा केळी बाहेर काढू नका. चिपळूणहून गुहागर रस्त्याने शृंगारतळी. पैसे तिथेच काढून घ्या, पुढे मशीन असलं तरी त्यात नोटा असतीलच असं नाही. बाइकवर साडेचार तास लागतात. मला सात लागले, कारण वाटेत 'काजू फॅक्टरी पाहा' अशी पाटी दिसली आणि मी पाहिली. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात टरफलातल्या चिकाने काळे होतात, हे मला माहीत नव्हतं. भारत देशाविषयी आवश्यक माहितीत हे येतं का, यावर पुढचे वीस किलोमीटर विचार केला.

पोचलो तर पाहुणी आधीच आलेली. नाव लीसा, देश एस्टोनिया, वय माझ्याएवढंच. पाटावर बसून आमटीभात हाताने खात होती आणि मावशी तिच्या शेजारी उभी राहून मराठीत बोलत होती. लीसा मान डोलवत होती. दोघींचं व्यवस्थित चाललं होतं, त्यामुळे माझ्या कागदाची गरज कुणाला आहे ते कळेना.

जेवण झाल्यावर मावशीने फॉर्म काढला. ज्यांच्या घरी परदेशी पाहुणे उतरतात त्यांनी हे ध्यानात ठेवा: पाहुणा आला की त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, आणि तीही चोवीस तासांत. मावशीच्या घरी नेटवर्क नाही. ते वर सड्यावर मिळतं, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या जांभ्याच्या उघड्या माळावर, एका काजूच्या झाडाखाली. लीसाला घेऊन आम्ही वर गेलो. मावशी पाहुणीचा पासपोर्ट घेऊन त्या झाडाखाली बसली आणि मी मोबाइल धरला.

"येण्याचं कारण काय लिवू? विचार तिला."

मी विचारलं. लीसा म्हणाली, नुसतं बघायला.

"नुसतं बघायला? एवढ्या लांब?" मावशीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "काम नाय, लग्न नाय, कोण आजारी नाय?"

पर्यटन लिहिलं. मावशीला ते पटलेलं दिसलं नाही. पासपोर्ट मात्र ती सराईतपणे हाताळत होती. म्हणाली, "माझापण हाय. तांदळाच्या डब्यात ठेवलाय. आठ वर्षां झाली." मुलगा दुबईत आहे. दरवर्षी म्हणतो, यंदा बोलावतो. पासपोर्ट दहा वर्षांचा, आत अजून एकही शिक्का नाही.

संध्याकाळी मी कागद लिहायला बसलो. 'वीज: २३० व्होल्ट' इतकं लिहिलं आणि बाहेर ढोल वाजायला लागले.

शिमग्याचे दिवस होते, हे मी विसरलो होतो. कोकणात शिमग्याला देवी देवळातून निघते आणि पालखीत बसून घरोघर जाते. ही पालखी जमिनीत पुरून ठेवलेला नारळ शोधून काढते. तिचा दांडा नेमक्या जागी टेकतो, खणलं की नारळ निघतो. मी स्वतः पाहिलं, कसं ते मला विचारू नका. अंगणात पालखी नाचली, मग पडवीत टेकली. मावशीने देवीची ओटी भरली: हिरवा खण, नारळ, तांदूळ. आणि पालखीबरोबरच्या तात्या गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. म्हणजे यजमानाची अडचण देवीला मोठ्याने सांगायची, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं.

मावशी तात्यांच्या कानात बराच वेळ बोलली. तात्या सुरू झाले.

"बाय गे माझे आये, आज तुझ्या लेकराच्या घरी पावणी इलेली हाय."

"होय महाराजा."

"इष्टोनिया देशाची हाय. विसा तिचा पर्यटनाचा हाय."

"होय महाराजा."

"येण्याचं कारण नुसतं बघायला असां ती सांगता हाय."

इथे होय महाराजा जरा हळू आलं.

"ती काय बघायला इली असेल ता तिला दाखव, नि सुखरूप तिच्या घरी पोचव."

"होय महाराजा."

सरकारला दिलेली सगळी माहिती देवीलाही दिली गेली. लीसाच्या डोळ्यांत पाणी आलं. पालखी गेली. मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीसाने पासपोर्ट मागितला. संध्याकाळी चिपळूणहून मुंबईची गाडी, उद्या विमान. मावशीने कनवटीला हात लावला, मग तोंडाला.

"काय झालं?" मी विचारलं.

"गाऱ्हाण्याला तिचा कायतरी हवा ना देवीसमोर? म्हणून मी तो खणात बांधला." मावशी खालीच बसली. "नि काढायचा राहिला."

म्हणजे एस्टोनियाचा पासपोर्ट देवीच्या ओटीत होता आणि देवी फिरतीवर होती.

लीसाला मी हे कसं सांगितलं ते विचारू नका. माझ्याकडे 'ओटी'ला इंग्रजी शब्द नव्हता. मी म्हणालो, देवीने घेतलाय. ती म्हणाली, परत कधी देणार? मी म्हणालो, ती आता पुढच्या वाडीला आहे.

मावशीने शेजारच्या इब्राहिमचाचांना हाक मारली. चाचा अठरा वर्षं कुवेतला होते, आता रिक्षा चालवतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि चहा अर्धा ठेवून उठले.

"माझा पासपोर्ट तीन वर्षं मालकाच्या कपाटात होता," ते लीसाला हिंदीत म्हणाले. तिला हिंदी येत नव्हती. "बाप गेला तेव्हा येता आलं नाय. बस रिक्षात." मावशी आणि मीही चढलो.

वाचकहो, पालखीचा पाठलाग करायची वेळ आली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रत्येक घरी 'पालखी आत्ताच गेली' असंच सांगतात, आणि काही खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. पहिल्या घरी पुरणपोळी. दुसऱ्या घरी ओल्या काजूची उसळ आणि घावणे. तिसऱ्या घरी पुन्हा पुरणपोळी, शिवाय आजोबांना मुंबईतल्या नातवाचं लग्न दाखवायचं होतं, चारशे फोटो. मी शंभरपर्यंत पाहिले. चाचांनी हॉर्न वाजवला.

"तू पासपोर्ट शोधतोयस की जावई म्हणून आलायस?"

दुपारी दोनला पालखी सापडली. सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधल्या चौथऱ्यावर, ती विसाव्याला टेकली होती. शेजारी ओट्यांचा ढीग. सगळे खण हिरवे, सगळ्यांत नारळ. लीसा ढिगाकडे वळली तर तात्या आडवे आले.

"ओटीत पडला ता देवीचा. असा हात घालून काढता येत नाय. कौल लावायला हवा."

कौल म्हणजे देवीचा निकाल. देवीच्या मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवतात. प्रश्न विचारतात. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आता प्रश्न असा, की विचारायचं कुणी? ज्याची वस्तू, त्याने. पण मग भाषेचं काय? यावर अर्धा तास गेला. साडेचारला वाडी सोडली नाही, तर गाडी जाणार होती.

"देवीला एस्टोनियाची भाषा कशी कळेल?" एकाने शंका काढली.

"काल व्हिसा कळला ना?" चाचा म्हणाले. "मग आज ही पण कळेल."

हे सगळ्यांना पटलं. लीसा पालखीसमोर हात जोडून उभी राहिली आणि तिच्या भाषेत बोलायला लागली. एक वाक्य झालं की थांबायची, आणि शंभरेक माणसं गरजायची, होय महाराजा. ती दचकायची आणि पुढचं वाक्य म्हणायची. बरंच लांबलं. नंतर मी तिला विचारलं, काय मागितलंस? ती म्हणाली, देवाकडे कसं मागतात ते मला माहीत नाही, म्हणून शाळेत पाठ केलेली देशाची माहिती सांगितली. अर्धा देश जंगल आहे. दोन हजारांवर बेटं आहेत. हिवाळ्यात समुद्र गोठतो. या सगळ्याला त्या वाडीने होय महाराजा म्हटलं होतं.

फुलं लावली. दहा मिनिटांनी एक फूल पडलं. डावं.

लीसाला कुणी अर्थ सांगितला नाही, पण तिने आमची तोंडं पाहिली. चाचा पाठ फिरवून रिक्षाचा आरसा पुसायला लागले.

मावशी मात्र पुढे झाली. "तात्यानू, विचारणारी चुकली. ओटी मी भरली. तिने दिला नव्हता, मी दिला. मीच विचारीन." तिने कनवटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तिचा पासपोर्ट. सकाळी निघताना तांदळाच्या डब्यातून काढून घेतला होता, आणि एवढी घरं फिरताना एका शब्दाने बोलली नव्हती.

"आये," ती पालखीला म्हणाली, कुजबुजल्यासारखं, "पोरीला जायचा हाय. माझा ठेव. माझा असाच पडून असता."

होय महाराजा म्हणायला या वेळी सगळ्यांनाच वेळ लागला.

फुलं पुन्हा लावली. उजवं लगेच पडलं. इतकं लगेच, की तात्यांचा हात अजून तिथेच होता.

सत्तावीस ओट्या सोडल्या, अठ्ठाविसावीत पासपोर्ट मिळाला, नारळाच्या पाण्याने जरासा ओला. चाचांनी चिपळूणपर्यंत रिक्षा अशी हाणली, की मला पाठीमागे बसून सगळी पुरणपोळी आठवली. त्यांनी भाडं घेतलं नाही. लीसा गाडीत चढली, तेव्हा म्हणाले, "हातात ठेव. बॅगेत नको." हेही हिंदीत. तिने पासपोर्ट हातात घेऊन दाखवला.

मी घरी आलो, आणि कागद लिहायचा राहिला. भिंतीवर लावायला म्हणून मी फक्त 'वीज: २३० व्होल्ट' एवढंच पाठवू शकलो असतो. तिथे जाणाऱ्याला खरं सांगायचं तर तीन गोष्टी. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, रिकाम्या पोटी जा, आणि महत्त्वाची कागदपत्रं यजमानीणबाईंच्या हाती देऊन झोपू नका.

पंधरा दिवसांनी मावशीचा फोन आला. काजूच्या झाडाखालून, कारण आवाज स्पष्ट होता. पालखी देवळात परतल्यावर ओट्या सोडल्या, तेव्हा तात्यांनी तिचा पासपोर्ट प्रसाद म्हणून घरी आणून दिला. पहिल्या पानावर कुंकवाचं बोट उमटलंय, चालेल का, असं तिला विचारायचं होतं. मी म्हणालो, चालायला हवं. खरं तर मला माहीत नाही.

"लीसाने पत्र धाडलंय. बोलावलंय तिने. दोन वर्षां उरलीत माझ्या पासपोर्टाची," मावशी म्हणाली. "तू लिवतोस ना रे ता, देशाविषयी माहिती? तिच्या देशाची लिव. मराठीत. पाणी नळाचा पितात काय, तांदूळ मिळतो काय, थंडीला काय घालायचा."

मी लगेच बसलो. वीज २३० व्होल्ट, इथल्यासारखीच. प्लगला दोन गोल पाय. नळाचं पाणी पिता येतं. गाड्या उजव्या बाजूने जातात, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघ. हिवाळ्यात समुद्र गोठतो. जेवलात का म्हणून कुणी विचारेल असं नाही, तेव्हा उपाशी राहू नकोस, स्वतः माग. पहिल्यांदाच मी एखादा कागद पुरा केला. मग व्हिसाच्या फॉर्मपाशी अडलो आणि तिच्या सड्यावर जायच्या वेळी तिला फोन लावला.

"मावशी, यात विचारलंय, येण्याचं कारण. काम, नातेवाईक, काय लिहू?"

पलीकडे सड्यावरचा वारा वाजत होता.

"लिव," ती म्हणाली, "नुसतं बघायला."