रिकामं नाव चालत नाही

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात कॉम्प्युटर आला, आणि त्याचा प्रोग्राम मी लिहिला. आजच्यासारखी चित्रंबित्रं काही नव्हती. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. पडदा एकेक प्रश्न विचारायचा, खिडकीतला कारकून उत्तर टाइप करून एंटर दाबायचा.

बोटं काय वाट्टेल ते दाबतात, हे मी धरूनच चाललो होतो. वयाच्या जागी अक्षर आलं, तर पुन्हा विचार. नाव रिकामं सोडलं, तर भोंगा वाजव आणि पुन्हा विचार. पण एक फट मुद्दाम ठेवली होती. नावाच्या जागी नुसती चांदणी, म्हणजे * ही खूण, दाबली की प्रोग्राम मुकाट्यानं पुढं जायचा. माझ्या आईनं जन्मात कधी बाबांचं नाव घेतलं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं ती मानायची. खिडकीशी अशा बाया येणारच, हे मला ठाऊक होतं. कारकुनाला मी स्वतः चांदणी दाबून दाखवली होती.

एका सकाळी वयाची तपासणी दुरुस्त करायला गेलो, तर खिडकीपुढं ही गर्दी! पुढं कुहीकडच्या खेड्यातली एक बाई उभी होती. मागं बाकड्यावर तिचा नवरा, तोंडाला फेस, शुद्ध नाही. ज्या जीपवाल्यानं आणलं तो उतरवून निघून गेला होता. आणि कॉम्प्युटरची चिठ्ठी निघाल्याशिवाय वॉर्डात घ्यायचं नाही, असा दवाखान्याचा नियम.

"नाव सांग," कारकून म्हणाला.

"आमच्या घरचे हायेत जी. धानाच्या बांधीत पान लागलं."

तिकडे सापाचंही नाव घेत नाहीत, पान म्हणतात.

"पान-सुपारी नाही विचारून राहिलो वं. नवऱ्याचं नाव सांग."

"मी कशी घेऊ जी? पोराचे बाबा, असं लिवा नं."

"पोराचे बाबा तर इथं सगळेच हायेत!"

लोक हसले. दात काढून हसले, मेले! मी मागून ओरडलो, "अबे, चांदणी दाब नं!"

"प्रोग्राम तुमचा भाऊ, खिडकी माझी," तो म्हणाला. "मजा पाहा."

हलकट! मी धक्के देत खिडकीमागच्या खोलीच्या दाराकडे निघालो. दाराला आतून कडी. मी दार बडवत होतो आणि सगळं ऐकू येत होतं. बाईनं एकदा बाकड्याकडे पाहिलं असेल, मग पदराआडून नाव घेतलं. त्यानं काहीच टाइप न करता एंटर दाबलं. भोंगा वाजला.

"मशीनले ऐकू नाही आलं. जोरात सांग."

तिनं पुन्हा घेतलं. पुन्हा भोंगा. गर्दी खदखदत होती. तिसऱ्यांदा ती किंचाळली, तेव्हा कुठं त्यानं नाव टाकलं. आतून कुणीतरी कडी काढली आणि मी आत शिरून त्याची कॉलर धरली, तोवर चिठ्ठी निघाली होती.

"गंमत केली भाऊ, एवढं काय त्यात?" तो म्हणाला.

दुपारी तिचा नवरा गेला. विषानं गेला की उशिरानं, डॉक्टरांनी सांगितलं नाही.

मी अजून खिडकीच्या आतच होतो. प्रेत न्यायचं तर त्याचीही चिठ्ठी लागायची. ती आली. कपाळ पुसलेलं होतं. आता खिडकीपुढं कुणी हसत नव्हतं. कारकुनानं मान वर केली नाही. पडद्यावर नावाचा प्रश्न आला, तसं त्यानं काही न विचारता चांदणी दाबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

ती तिथंच उभी राहिली.

"नाव नाही इचारत गा? सकाळी त लय इचारत होता."

त्याचं बोट एंटरकडे गेलं.

"लिव. आता घेते नं मी. आता काय होते त्यायले?"

तिनं तोंडावरचा पदर बाजूला केला आणि नवऱ्याचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. कारकुनानं चांदणी खोडली आणि एकेक अक्षर नीट पाहून टाकलं. प्रोग्रामनं पहिल्याच वेळी घेतलं.