तेहतीस कोटींचा भरवसा

डोंबिवलीच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचे आणि माझी मैत्रीण गणित. मी कोपरीची कोळीण, ती पक्की डोंबिवलीकर. मासे खायला तिला मी शिकवलं. सुरुवातीला घाबरायची, म्हणून काटे काढून तुकडी मीच तिच्या ताटात ठेवायचे. मग ती डोळे झाकून खायची.

गणिताची गोडी मात्र तिने लावली. एकदा डबा खाताना म्हणाली, ३१ ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. ३३१ पण तशीच. ३३३१ पण. पुढे तीनाचा आकडा आणखी लावत गेलं तरी तेच. लहानपणी गणिताने मला रडवलेलं, पण ही रांग मनात बसली ती बसलीच.

त्या वर्षी गणिताच्या प्रदर्शनाला दारातली रांगोळी माझ्याकडे होती. स्टाफरूममध्ये कोणीतरी बोललंच, "चित्रकलेच्या बाईंना काय कळतंय, आकडे गिरवतील फक्त." माझं डोकंच सरकलं. म्हटलं, काढणार मी आणि पालकांना समजावून सांगणारही मीच.

पायऱ्यांसारख्या ओळी काढल्या. वर ३१, त्याखाली ३३१, असं करत सात ओळी झाल्या, तरी खाली जागा उरली. तिला विचारलं, "आठवी घालू? ती पण मूळच ना?"

"घाल की. बिनधास्त घाल."

घातली. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. देवांएवढा आकडा, मला तर शुभच वाटला. माइक घेऊन ठणकावून सांगितलं, या आठही संख्या मूळ आहेत.

तिने हसत माझ्या हातातून माइक घेतला. मुलांना म्हणाली, "शेवटच्या संख्येला सतराने भागून बघा." भाग गेला, बाकी शून्य. "बघितलंत? सात वेळा खरं ठरलं म्हणून आठव्यांदा ठरेलच असं नाही. बाईंसारखं गृहीत धरायचं नाही." पालक हसले. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. मी हाताला लागलेली रांगोळी पुसत उभी.

नंतर तिला जिन्यात गाठलं. "तुला माहीत होतं?"

"अगं, मुलांना उदाहरण हवं होतं. आणि माझं सांगितलेलं तू कधी तपासत नाहीस, हे मला ठाऊक होतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. धडा बरोबर होता, नाही कोण म्हणतंय? पण त्यासाठी मीच सापडले होय? फार लागलं ते. अजून लागतं.

पुढच्या महिन्यात ती घरी जेवायला आली, काही झालंच नाही अशा थाटात. मी बोईट तळलेलं. सवयीने तिने ताट माझ्याकडे सरकवलं. मी अख्खी तुकडी वाढली आणि ताट परत तिच्यापुढे ठेवलं.

"आणि काटे?"

"तपासून खा," मी म्हटलं.