चाळीसगावचं लाल

आमच्या स्कॅन सेंटरच्या पाटीवर अजूनही तीन गावं आहेत: जळगाव, धुळे, चाळीसगाव. चाळीसगावचं सेंटर केव्हाच बंद पडलं. तिथलं मशीन विकलं, संगणक भंगारात गेला, गाळ्यात आता साड्यांचं दुकान आहे. पण पाटीवरचं नाव काढायचं नाही, हा आमच्या मॅनेजरसाहेबांचा हुकूम. धंदा आटलाय असं लोकांना दिसता कामा नये म्हणे.

पाटीशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझं काम स्कॅनचे फोटो सांभाळायचं. धुळ्याला दिवसभरात जे स्कॅन होतात, त्यांची एक प्रत आपोआप इथं, आमच्या जळगावच्या सर्व्हरवर येते. बॅकअपचं सॉफ्टवेअर ते करतं. काम झालं की हिरवी ओळ, फसलं की लाल. चाळीसगावचा संगणक या जगात उरला नव्हता, पण त्याच्या नावाचं काम सॉफ्टवेअरमध्ये तसंच होतं. ते दर तासाला त्या संगणकाला हाका मारायचं, उत्तर नाही आलं की लाल ओळ टाकायचं, आणि परत हाका मारायचं. स्क्रीन उघडली की पानंच्या पानं चाळीसगावच्या लालनं भरलेली.

हे काम काढून टाकते आणि मागची हिस्टरी पुसते, असं मी साहेबांना सांगून सांगून थकले. ते हसून म्हणायचे, "असू दे ना, काय खायला मागतंय का?" मालक आले की त्यांना स्क्रीनवर तीन सेंटरं दिसलेली बरी वाटतात, हेही वर ऐकवायचे. लालचे मेसेज मोबाइलवर यायचे, तेही त्यांनी कटकट नको म्हणून बंद करायला लावले. मग सगळ्यांना सवयच लागली. लाल दिसलं की चाळीसगावचं असेल म्हणायचं आणि पुढं जायचं. मलाही लागली. त्याचा मला माझा राग येतो, पण साहेबांचा जास्त येतो, आणि तो मी लपवत नाही.

मग ती बाई आली. एरंडोलजवळच्या खेड्यातली, साठीच्या पुढची. गेल्या वर्षी लेकीकडे धुळ्याला असताना तिचा छातीचा स्कॅन झाला होता. फुफ्फुसावर बारीकशी गाठ दिसली होती. वर्षभरानं परत फोटो काढा, असं सांगितलेलं. आमच्या डॉक्टरबाईंनी नवा स्कॅन केला आणि जुना मागितला. जुन्याची फिल्म आणि रिपोर्ट बाईनं कुठल्याशा दवाखान्यात दिले होते, ते परत मिळाले नव्हते. डॉक्टरबाईंनी मला स्वच्छ सांगितलं, गाठ तेवढीच असेल तर ही बाई आज घरी जाईल. वाढली असेल, किंवा कळतच नसेल, तर छातीत सुई घालून तुकडा काढावा लागेल.

मी धुळ्याला फोन लावला. तिथल्या संगणकाची डिस्क आठवड्यापूर्वीच जळाली होती. तुमच्याकडे बॅकअप आहेच की, म्हणून ते निवांत होते. मी चाळीसगावची पानं उलटत खाली गेले. धुळ्यालाही लाल. खाली, आणखी खाली, लालच. कुणीतरी तिथला पासवर्ड बदलला होता आणि सॉफ्टवेअरला तो दिलाच नव्हता. शेवटची हिरवी ओळ बाईच्या स्कॅनच्या आधीची होती.

साहेब माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मालक यायच्या आत सगळं लाल पुसून टाक म्हणाले, चाळीसगावचं आणि धुळ्याचंही. आता यांना साफसफाई सुचली! मी चाळीसगावचं काम निवडलं आणि हिस्टरीसकट काढून टाकलं. टेबलावरचा चहा निवायच्या आत झालं. एवढ्याशा कामाला यांनी मला नाही म्हटलं होतं. स्क्रीनवर आता फक्त धुळ्याचं लाल उरलं, आणि तेवढंच किती ठळक दिसत होतं. याला मी हात लावणार नाही, मालकांना बघू द्या, असं मी तोंडावर सांगितलं.

साहेबांचा चेहरा पडला. मग म्हणे, त्या बाईला सर्व्हर बंद आहे म्हणून सांग, उद्या बोलव. माझं डोकंच फिरलं. मी उठून बाहेर गेले, तसे तेही मागोमाग दारापर्यंत आले.

बाई बाकावर नव्या स्कॅनची पिशवी मांडीवर धरून बसली होती.

"मना फोटू कोठे शे, माय?"

"अक्का, तुमचा जुना फोटो गेला. आमच्या हातून गेला. उद्या आलात तरी मिळणार नाही."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसती मांडीवरची पिशवी सारखी केली.

"मंग गाठ वाढनी का नही, हाई आते कोनले माहीत शे?"

मी वळून साहेबांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये बघत होते.

"कोणालाच नाही, अक्का," मी म्हणाले.