खालच्या काकूंचं खातं

नव्वदीच्या दशकात बँकेत खातं काढायचं, तर कागदांपेक्षा माणूस महत्त्वाचा होता. त्याच शाखेत ज्याचं जुनं खातं आहे अशा कुणीतरी फॉर्मवर सही करून सांगायचं, की या अर्जदाराला मी ओळखतो. त्याला इंट्रोड्यूसर म्हणत. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत हे काम माझ्याकडे होतं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं.

मी शाळेत शिकवायचे आणि माझा पगार स्टेशनजवळच्या शाखेत जमा व्हायचा. कॉलनीतल्या बहुतेकांची खाती पतपेढीत, नाहीतर गावाकडे. त्यामुळे त्या शाखेत खातं हवं असेल तो माझ्या दारात. मला काय, तेवढंच हवं होतं! ठेवणीतली साडी नेसायची, पर्स काखेत मारायची, बँकेच्या शिपायाला ‘काय रे, बरा आहेस ना?’ म्हणायचं, आणि बोट ठेवतील तिथं झोकात सही ठोकायची. फॉर्मवर वर काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नाही. मला माझ्या सहीखेरीज त्या कागदात रस नव्हता. नंतर घरी पेढे यायचे. मी पेढ्यांसाठी करत नव्हते, पण एका गृहस्थांनी पेढे दिले नाहीत ते मला अजून आठवतं.

आमच्या घराखाली, तळमजल्यावर, एक काकू राहायच्या. सगळी कॉलनी त्यांना ‘खालच्या काकू’ म्हणायची, अगदी त्यांच्या शेजारच्या तळमजल्यावरचेसुद्धा. त्या अंबडच्या एका कारखान्यातल्या साहेबलोकांचे दुपारचे डबे करून द्यायच्या. पहाटे खाली मसाला परतला की वर मला शिंका सुरू. मी गॅलरीतून ओरडायचे, “काकू, जीव घ्याल एखाद्या दिवशी!” त्या खालून म्हणायच्या, “बाई, वाटीभर रस्सा पाठवू का?” माझं भांडण तिथंच मिटायचं. मी तशी तत्त्वाची पक्की आहे, पण रस्सा उत्तम असायचा.

एका दुपारी काकू वर आल्या. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. कारखान्यानं रोख पैसे देणं बंद केलं होतं. पुढच्या महिन्यापासून चेक.

“मग घ्या की चेक,” मी म्हटलं.

“हे म्हणतात, माझ्या नावाचा घे, माझं खातं आहेच. घरात एक खातं असताना दुसरं काढलं, तर लोक म्हणतील नवरा-बायकोचं बिनसलं.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

काकूंनी माझं पायपुसणं पायानं सरळ केलं. मग म्हणाल्या, “बाई, इतकी वर्षं फोडण्या मी घातल्या, पैसे यांच्या खिशात गेले. वाईट नाहीत हो हे. मागितले की देतात. पण देताना ‘कशाला हवेत?’ विचारतात. मला एकदा तरी कुणाला ‘कशाला’ ते न सांगता पैसे काढायचेत. महिनाअखेरच्या आत कारखान्यात कळवायचंय. पहिला चेक यांच्या नावाचा निघाला, की कायमचा तसाच निघेल बघा.”

हे ऐकून मला असं काही स्फुरण चढलं, की विचारू नका. स्त्रीमुक्तीवर शाळेत भाषण मीच द्यायचे. “काकू, तुम्ही काळजी सोडा. मी आहे ना! तो मॅनेजर माझ्या शब्दाबाहेर नाही.”

तो मॅनेजर बदलून गेला होता, हे मला बँकेत गेल्यावर कळलं.

नवा मॅनेजर चष्मेवाला, कमी बोलणारा. त्याच्या आधीच्या शाखेत कुणीतरी भलत्याच्याच नावानं खातं काढून गेलं होतं आणि त्याचा सगळा ताप याला झाला होता. दुधानं तोंड पोळलेलं, त्यामुळे ताकही फुंकून पिणार. त्यानं काकूंचा फॉर्म, रेशनकार्ड आणि फोटो समोर ठेवून घेतले, काकूंना बाहेर बाकावर बसवलं आणि मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं.

“किती वर्षं ओळखता यांना?”

“बारा! सख्ख्या बहिणीसारख्या आहोत आम्ही.”

“छान. यांचं नाव काय?”

मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आडनाव माहीत होतं, दारावर पाटी होती. काकांचं नाव माहीत होतं, तेही पाटीवर. काकूंचं नाव पाटीवर नव्हतं. काका त्यांना ‘अगं’ म्हणायचे, मुलगा ‘आई’ म्हणायचा, आम्ही सगळे ‘काकू’. फॉर्म त्यांनी घरूनच स्वतःच्या हातानं भरून आणला होता आणि मी सवयीप्रमाणे नुसती सही ठोकून मोकळी झाले होते.

गप्प बसावं ना माणसानं? पण मी शिक्षिका. पोरांना मी नेहमी सांगायचे, उत्तर येत नसलं तरी पेपर कोरा सोडू नका. मी दिलं एक नाव ठोकून. त्या वयाच्या बायकांत दर तिसरीचं असतं ते, देवीचं.

मॅनेजरनं फॉर्मकडे पाहिलं. “नाही.”

“मग ते माहेरचं असेल हो! लग्नात नाव बदलतात ना आपल्याकडे. सासरचं...” मी दुसऱ्या देवीचं नाव घेतलं.

“बाई,” तो म्हणाला, “हे अंदाजपंचे चाललंय तुमचं. तुम्ही यांना ओळखत नाही. यांचे मिस्टर आमचेच खातेदार आहेत असं दिसतं. त्यांना घेऊन या, ते सही करतील.”

मी बाहेर आले ती पाय ओढतच. काकूंनी माझं तोंड बघितलं आणि पिशवी छातीशी धरली. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. लाज वाटली हो! आयुष्यात फार थोड्या वेळा मला लाज वाटलीय, त्यातली ही एक. ज्या बाईला नवऱ्याला न विचारता एक गोष्ट करायची होती, तिला माझ्यामुळे नवऱ्याचीच सही आणायची पाळी आली होती.

काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, “जाऊ द्या बाई. नशिबात नव्हतं.”

“नशिबाला काय धाड भरलीय! काकू, तुमचं नाव काय आहे?”

त्यांनी सांगितलं. सांगण्याआधी इकडेतिकडे बघितलं, मग हळू आवाजात सांगितलं. मी आत देव्या धुंडाळत बसले होते आणि नाव निघालं फुलाचं. इतकं गोड नाव, की मला चटकाच बसला. “या नावानं कुणी हाक मारतं का तुम्हाला?” मी विचारलं.

“आई मारायची,” काकू म्हणाल्या.

मी तडक उठले आणि न विचारता केबिनमध्ये घुसले. नाव खणखणीत सांगितलं. मॅनेजर म्हणाला, “हे तुम्ही आत्ता बाहेर जाऊन विचारून आलात.”

“आलेच! मग काय चोरी केली? साहेब, तुम्हीही कुठल्यातरी कॉलनीतच राहता ना? तुमच्या मिसेसना शेजारी काय म्हणतात?”

“मॅनेजरीणबाई,” तो म्हणाला, आणि म्हटल्यावर थांबला.

“जा, विचारा त्यांच्या शेजारणीला त्यांचं नाव. सांगू शकली तर मी ही केबिन झाडून देते.” पैज धोक्याची होती, सांगणारी एखादी निघालीही असती. “नावाचं सोडा, बाकी काय हवं ते विचारा. यांचे गुडघे थंडीत धरतात. मुलगा पुण्याला असतो आणि पत्र पाठवत नाही. गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्रभर मी होते. गुरुवारी खोबरं जास्त पडतं, कारण त्या दिवशी कारखान्यात...”

“पुरे, पुरे!” मॅनेजर घाईघाईनं म्हणाला. ‘ऑपरेशन’ शब्दालाच त्याचे कान लाल झाले होते. दाराबाहेर शिपाई उभा, तोही खाली बघत होता. म्हणजे माझा आवाज अख्ख्या शाखेत गेला होता आणि काकूंचं गर्भाशय त्याबरोबर. मॅनेजरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग काकूंना आत बोलावून त्यांची सही घेतली, फोटो रेशनकार्डाशी ताडून पाहिला, आणि फॉर्मवर शिक्का मारला.

परतताना रिक्षात काकू म्हणाल्या, “ऑपरेशनचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.” मी म्हटलं, “चुकलंच.” आणि दोघीही इतक्या हसलो, की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

महिना संपला. पहिला चेक काकूंच्या नावाचा निघाला. तो भरायला आणि पासबुक घ्यायला आम्ही दोघी परत बँकेत गेलो. पगाराचे दिवस, तोबा गर्दी. चेक आणि स्लिप खिडकीत दिली, क्लार्क म्हणाला, “बसा, नाव पुकारतो.” आम्ही बाकावर बसलो. मी काकूंना आमच्या मुख्याध्यापिकेचा एक किस्सा सांगायला घेतला. लांबलचक होता, माझे सगळेच असतात.

मधेच क्लार्कनं कुणाचं तरी नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्यानं परत पुकारलं. कुणी नाही. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा माझा किस्सा ऐन रंगात होता, आणि मला व्यत्यय अजिबात खपत नाही. “कोण आहे हो ही बया?” मी म्हटलं. “सगळ्यांचा खोळंबा करून ठेवलाय. उठवत नाही का तिला?”

काकूसुद्धा मान वळवून मागच्या बाकांवर बघायला लागल्या. “बघा ना बाई. नसतं एकेकीचं लक्ष.”

क्लार्क अर्धा उभा राहिला. खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं पासबुक सरळ आमच्या दिशेनं हलवलं. मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे. ज्या नावावरून मी मॅनेजरशी भांडले होते, ते तीन वेळा माझ्या कानावरून गेलं होतं.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या, “मीच की!”

त्या धडपडत उठल्या. मी मागोमाग. क्लार्क वैतागला होता. “काय हो, स्वतःचं नाव ऐकू येत नाही? घसा बसला माझा.”

मी त्याला फाडून खायला तोंड उघडलंच होतं. पण काकूंनी माझा दंड धरला. त्या क्लार्ककडे बघून हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“सवय मोडली हो,” त्या म्हणाल्या. “आणखी एकदा मारा ना हाक.”

क्लार्कनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यानं पासबुक उघडलं आणि नाव परत पुकारलं, मोठ्यानं, सगळ्या शाखेला ऐकू जाईल असं.

आणि काकूंनी ओ दिली.