दगडाला पाणी

कंधारहून आप्पांच्या लेकीचा, महादेवीचा, फोन आला. "आप्पा गेले, सर," एवढं बोलून ती रडली. मग नाक ओढत म्हणाली, "आता त्या दगडाला पाणी कोण घालायचं?" मला रडू यायच्या ऐवजी हसूच फुटलं... आप्पा असते तर त्यांनीही टाळी दिली असती.

आप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान. कुठं विहीर खोदतायत असं कळलं, की दुकान लेकीवर टाकून हे तिथं गारगोट्या वेचायला हजर. मी नांदेडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचो. एकदा ते एसटीनं थेट माझ्याकडं आले आणि रुमालातून एक फुटकी गारगोटी काढली. दुधी दगड, आत हिरव्या तंतूंचं झुडूप. "सर, आत झाड हाय. दोन वर्सं झाली, रोज लिंगपूजा झाली की पाणी घालून राहिलो. वाढंना का?" बियाणं विकणारा माणूस उगवणीची तक्रार घेऊन आला होता!

मी लगेच मास्तर झालो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं, थरावर थर बसून गारगोटी झाली. हिरवं दिसतं ते आत सापडलेलं लोहाचं खनिज. त्यात जीव कधीच नव्हता. आप्पांनी सगळं ऐकलं, दगड रुमालात बांधला आणि चहासुद्धा न घेता गेले. दीडशहाणा मी! एका माणसाचं झाड वाळवून बसलो... आठवडाभर जेवण गोड लागेना. शेवटी रविवारी कंधार गाठलं.

आप्पा देवघरासमोर बसलेले, कपाळाला विभूती, पुढं वाटीत तोच दगड, कोरडा, भुरकट. "या सर! तुमचं पटलं. पण हे बघा." त्यांनी पळीभर पाणी सोडलं आणि पुसट झुडूप हिरवंगार होऊन वर आलं. खडबडीत दगड ओला झाला की आतलं स्पष्ट दिसतं, एवढंच; सांगायला मी तोंड उघडलंही. "ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "पाण्यानंच केलंय म्हणलात ना? मग मी बी पाणीच घालतो." पुढं कितीतरी वर्षं आम्ही मिळून विहिरी पालथ्या घातल्या. भेटलो की मी चिडवायचो, "काय आप्पा, फूल आलं का?" "यील की! गडबड काय हाय?"

महादेवीनं तो दगड मला आणून दिला. रोज सकाळी मी त्यावर पळीभर पाणी सोडतो. परवा बायकोनं टोकलंच, "अहो, जन्मभर दगड शिकवलेत, आणि हे काय?"

"वाळंल की," मी म्हणालो. अगदी आप्पांच्या सुरात... दोघंही हसलो, आणि त्या दिवशी फोनवर न आलेलं रडू मला तेव्हा आलं.