उकंडरावाची उलटी शिकार

केनवडच्या पलीकडे ओढ्याकाठी रंगराव आणि उकंडराव या दोन माळी भावांची वाडी होती. रंगरावाच्या पाठची तीन लेकरं एकामागून एक गेली. म्हणून चौथं जन्मलं तेव्हा आईनं ते सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि कुणीतरी टाकलेलं पोर सापडलं असं सांगत परत घरी आणलं. यमाला वाटावं, हे कुणाला नकोच आहे. यम फसला, पोर जगलं आणि जन्मभर उकंडा, म्हणजे उकिरडा, हे नाव मिरवत राहिलं. आई मात्र लवकर गेली आणि सोळा वर्षांनी मोठ्या असलेल्या रंगरावानंच त्याला वाढवलं. त्यामुळे भावाचा शब्द उकंडरावाला बापाच्या जागी होता.

अडचण एवढीच, की रंगरावाला वांगी कळत, मिरची कळे, मोटेचं पाणी कळे. चित्रं कळत नसत. उकंडरावाचं सगळं उलट. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला अर्धं गाव त्याच्या दारात उभं असे आणि तेवढ्या वेळात त्याच्या मिरच्या शेजारची गाय खाऊन जाई.

एका उन्हाळ्यात जादूचा कंदील घेऊन गावोगाव फिरणारा एक म्हातारा खेळवाला तापानं वाडीत आडवा झाला. उकंडरावाच्या बायकोनं, तुळसाबाईनं, त्याला महिनाभर ताक-कण्या घालून उठवलं. जाताना म्हातारा म्हणाला, "आता हे ओझं माझ्याच्यानं उचलवत नाही," आणि आपली पत्र्याची पेटी मागे ठेवून गेला. पेटीत रॉकेलचा दिवा, पुढे भिंग आणि मध्ये काच सरकवायची खाच. काचेवर बोटभर रंगवलेलं माणूस समोरच्या पडद्यावर पुरुषभर उंच होऊन उभं राही. एकापुढे एक दोन काचा ठेवून त्यातली एक ओढली, की ते माणूस चालायलाही लागे. उकंडरावानं हे पाहिलं आणि त्या दिवसापासून तो कामातून गेला, असं रंगराव सांगे.

म्हाताऱ्याच्या काचा बहुतेक फुटक्या होत्या आणि उकंडरावाला तरी कुणी कधी न पाहिलेलंच काढायचं होतं. ते त्याला जवळच्या तांड्यावरच्या बाबूसिंगनं दिलं. बाबूसिंग जर्मनच्या लढाईत खेचरं सांभाळायला बोटीत बसून बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. केनवडात दर्या पाहिलेला तो एकटाच, त्यामुळे त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

"दर्या म्हन्जे काय सांगू तुले! पल्याडचा काठच नाही दिसत," बाबूसिंग सांगे. "अन् येका दिवशी पान्यातून जनावराची मान वर आली. डोलकाठीयेवढी! आमची खेचरं थरथर कापून राह्यली होती."

"रंग कोनता होता पान्याचा?"

"निळा."

"पानी कुठी निळं असते गा? काहीबी सांगून राह्यला."

यावर दोघांचं तीन दिवस भांडण झालं. शेवटी उकंडरावानं दर्या निळा केला, पण मनातून त्याला ते पटलं नाही. राक्षसाच्या बाबतीत मात्र त्यानं कुणाला विचारलं नाही. पाण्यातून मान वर काढणारं एकच जनावर त्यानं आयुष्यात पाहिलं होतं, ते म्हणजे ओढ्यातला साप. तेव्हा त्यानं सापाची मान काढली, आणि राक्षस शोभावा म्हणून वर हा एवढा फणा काढला.

तीन पावसाळे त्यानं या काचांवर घालवले. खेळ असा होता : खेमा नावाचा शिकारी बायको-पोरीला घेऊन होडीत बसतो आणि जहाजं गिळणाऱ्या दर्याच्या राक्षसाच्या मागं लागतो. लाटा उसळतात, होडी गरगरते, खेमाची पोर पाण्यात पडते, बायको तिला वेणीला धरून वर ओढते. शेवटी खेमा भाला फेकतो. या शेवटच्या काचेवर उकंडरावाचा फार जीव. ती ओढली की भाला होडीतून सुटून राक्षसाच्या नरड्यात शिरे आणि मागच्या काचेवरचा तांबडा रंग हळूहळू पसरत जाई. तुळसाबाई सगळ्यांचे आवाज काढी. राक्षसाची डरकाळी ती रिकाम्या घागरीत तोंड घालून अशी काही काढी, की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघे.

इकडे वांग्याला कीड लागली. ती रंगरावाला दिसली तेव्हा धाकटा भाऊ वाटीत निळा रंग खलत बसला होता. रंगराव ओरडला नाही. तो शांतपणे बोलला, आणि तेच वाईट होतं.

"पंचमीले येक डाव दाखव लोकायले. मानसं शेवटलोक बसली तं ठेव तुही पेटी. मधातून उठून गेली, तं मी सोता तिले इहिरीत टाकीन. मंग जन्मभर नाव नाही काढाचं."

"बरं दादा," उकंडराव म्हणाला. दुसरं काही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

पंचमीचा दिवस त्याला एका अर्थी फार सोयीचा वाटला. त्या दिवशी कुणी नांगर धरत नाही, खुरपं लावत नाही, विळीवर काही चिरत नाही. सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात. सगळा गाव रिकामा! श्रावणात कापूस नसल्यामुळे जिजाबाईची वखारही रिकामी होती. जिजाबाई गावातली सगळ्यात वडील बाई आणि तिच्या शब्दाबाहेर पाटीलही जात नसे. तिनं वखार दिली. उकंडरावानं खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी आत काळोख केला आणि समोर धुतलेलं धोतर ताणून बांधलं.

वखार बायामाणसांनी गच्च भरली. दाराशी हाताची घडी घालून रंगराव उभा राहिला.

सुरुवात अशी झाली, की उकंडरावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लाटा उसळल्या तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायांनी लुगड्याचे काठ वर धरले. खेमाची पोर पाण्यात पडली तेव्हा कुणीतरी "पकड व तिले, पकड!" म्हणून किंचाळलं. बाबूसिंग मागं बसून सगळ्यांना सांगत होता, की अगदी असंच होतं, फक्त याच्याहून मोठं. मग राक्षस वर आला. मान, आणि मानेवर फणा. तुळसाबाईची घागर घुमली.

बायांनी हात जोडले.

उकंडरावाला वाटलं, भ्याल्या. त्यानं मोठ्या हौसेनं शेवटची काच ओढली. भाला सुटला, नरड्यात शिरला, तांबडं पसरायला लागलं आणि वखारीत एकदम गलका उठला.

"थांब रे उकंड्या!" जिजाबाई उभी राहिली. तिच्या मागं सगळ्या बाया उभ्या राहिल्या. "आज पंचमी हाय. सकाळी वारुळाले दूध घालून आलो आमी. अन् तू आमच्या देखत नाग मारून राह्यला?"

"नाग नोहे माय तो. दर्यातला राक्षस हाय!"

"फना दिसते ना मले! डोये नाही का मले?"

उकंडराव पडद्याकडे बघतच राहिला. तीन वर्षं त्यानं त्या फण्याचा एकेक खवला रंगवला होता आणि आज पहिल्यांदा त्याला तो दिसला. नागच होता. वारुळापाशी भिंतीवर काढतात तसा, अगदी हुबेहूब. बाया लुगडी सावरत दाराकडे वळत होत्या आणि दारात रंगराव होता.

"डरकाळी काढ, लवकर!" तो बायकोला म्हणाला. "खेळ सरू दे."

तुळसाबाईनं घागर खाली ठेवली. "मी नाही काढत. काल नागालेच भाऊ मानून उपास केला मी. त्याच्या नरड्यात भाला पाहून कशी वरडू? तुमीच सांगा."

उकंडरावाला राग आला, मग लाज वाटली. आणि मग, पुढचं मागचं काही न ठरवता, त्यानं ओढलेली काच उलटी सरकवायला सुरुवात केली. तांबडं आटत गेलं. भाला नरड्यातून निघाला, हवेतून मागं आला आणि खेमाच्या हातात जाऊन बसला. दाराशी पोचलेल्या बाया थबकल्या. अशी शिकार त्यांनी कधी ऐकलीही नव्हती.

"खेमानं भाला काढून घेतला!" उकंडराव ओरडला. त्याला आता थांबता येत नव्हतं. "खेमाची पोरगी म्हनली, बाबा, मी बुडत होती तवा मले खालून यानंच उचलून धरलं. मले भाऊ नाही. ह्योच माहा भाऊ!"

हे त्यानं त्या क्षणी कुठून आणलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बाया परत फिरल्या आणि एकेक करून खाली बसल्या. जिजाबाई मात्र बसली नाही. ती तशीच पुढे गेली, ओटीतल्या लाह्या काढून तिनं पडद्यावर उधळल्या आणि नागाच्या फण्याला हळदकुंकू लावलं. तिची सावली नागावर पडली तेव्हा कुणी हसलं नाही. मग रांग लागली. उकंडराव दिव्यात रॉकेल घालत राहिला आणि तुळसाबाई पदर डोळ्याला लावून बसून राहिली.

शेवटच्या बाईचं कुंकू लावून झालं तशी जिजाबाई म्हणाली, "पुजलेला नाग तसाच ठेवता येत नाही. शिरवावा लागते. कुठून निंगाला तो? पेटीतूनच ना?"

पुजलेली मूर्ती पाण्यात सोडायची असते, हे उकंडरावाला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. माणसं शेवटपर्यंत बसली होती आणि तरी पेटी पाण्यातच जाणार होती. त्यानं तिच्यावर हात ठेवला. ती तापली होती, पण त्यानं हात काढला नाही. बोलायची हिंमत त्याला होईना. मोठ्या भावासमोर ती कधीच झाली नव्हती.

तेव्हा रंगराव दारातून पुढे आला. पेटी घालवायला त्याला फक्त मान हलवायची होती. शब्दही मोडला नसता आणि बोलही लागला नसता.

"जिजामाय," तो म्हणाला, "कुंकू तं तुमी धोतराले लावलं. पेटीले कोनंच नाही लावलं. पुजलं ते शिरवू."

जिजाबाईनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. रंगरावानं स्वतः गाठी सोडल्या, लाह्यांसकट धोतराची घडी केली आणि पावसात ओढ्याकडे निघून गेला.

पुढे सोळा-सतरा वर्षं उकंडराव तो खेळ घेऊन कामरगाव-पोहरादेवीपर्यंत फिरला. खेमाचा भाला गावोगाव उलटाच गेला. पण त्या दिवशी हे पुढचं काहीच माहीत नव्हतं. तो वखारीत काचा पुसत बसला होता. तेवढ्यात रंगराव चिंब भिजून परत आला, कोपऱ्यात उभा राहून अंगावरचं धोतर पिळू लागला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या टायमाले दोन धोतरं जोड. दारातून खेमाची पोरगी अर्धीच दिसून राह्यली होती."

"हो दादा," उकंडराव म्हणाला, आणि काच पुसता पुसता त्याला रडू फुटलं.